दादाचं शनिवारचं वाक्य

दादा, तुझ्या घरात बसायला काही नाही. सोफा तू उन्हाळ्यातच एका विद्यार्थ्याला देऊन टाकलास, जेवणाचं टेबल चॅरिटी शॉपवाले घेऊन गेले. आपल्या ज्यूंच्या सुतकात आरसे झाकायचे म्हणून मी मेडनहेडहून दोन जुन्या चादरी आणल्या, तर घरात आरसाच नाही. बाथरूमच्या भिंतीवरसुद्धा नुसती स्क्रूची भोकं. दाढी कशी करत होतास कोण जाणे. सात दिवस बुटक्या आसनावर बसायचं असतं, पण सिनेगॉगवाले स्टुलं संध्याकाळी आणणार होते, म्हणून मी गॅरेज धुंडाळलं. तिथे तुझी उत्खननावर न्यायची घडीची स्टुलं सापडली. ती मात्र कुणाला दिली नव्हतीस. पायांना अजून तिकडची फिकट माती चिकटलेली होती. तुझ्या मेहुण्यानं, सुधीरनं विचारलं, "झटकून आणू?" मी म्हटलं, "राहू दे." मग मी एकावर बसले आणि कापड टर्रकन फाटलं. सुतकाच्या पहिल्याच तासात मी पार फरशीवर. याहून खाली बसायला कुठलाच धर्म सांगत नाही.

घर एकाएकी जळलं की खणणाऱ्याला सगळं मिळतं, असं तू सांगायचास. चुलीवरचं भांडं, जात्याशेजारचं धान्य, कुणाच्या तरी बांगडीचा तुकडा. पण माणसं निवांत निघून गेली असतील तर ती सगळं बरोबर नेतात, वर जमीन झाडून जातात, आणि तीन हजार वर्षांनी तुझ्यासारखा कुणी तिथे गुडघे टेकून बसला तर त्याच्या हाती धूळ येते. हे सगळं माहीत असलेला माणूस तू. आणि आजार कळल्यापासून तू काय केलंस, तर शांतपणे, एकेक कपाट करत, घर झाडून घेतलंस. पुस्तकं लायब्ररीला, खापरं डिपार्टमेंटला, कोट शेजाऱ्याला. स्वयंपाकघरात एक पातेलं आणि एक चमचा उरलाय. मला तुझा राग आलाय. मला एखादं जळकं भांडं चाललं असतं रे.

नओमी वरच्या खोलीत झोपली आहे. सुधीर कुणीतरी आणून दिलेली डाळ तुझ्या त्या एकुलत्या पातेल्यात गरम करतोय. तू शनिवारी दुपारच्या आत गेलास आणि तुझी एकुलती एक मुलगी अंधार पडल्यावर इथे पोचली. तुझं शेवटचं बोलणं ऐकणारी मी एकटी. ते काय होतं, हे नओमी मला विचारणार हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आणि तू माझं तोंड आधीच बांधून गेला होतास. काल तिनं विचारलं. तेच तुला सांगायला बसले आहे. पण सरळ मुद्द्यावर येणारी बाई मी नव्हे, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक.

भांडण तसं लहानपणापासूनचं. आईनं आपल्याला जहाजाची गोष्ट सांगितली ती याच शहरात, स्पार्कहिलच्या त्या भाड्याच्या घरात, गॅसच्या शेगडीपुढे. आपले पूर्वज जहाजातून आले, कोकणच्या किनाऱ्याला जहाज फुटलं, मोजकी माणसं वाचली, धर्माची सगळी पुस्तकं बुडाली. माणसं तेलाचे घाणे चालवायला लागली, मराठी बोलायला लागली, प्रार्थना विसरली. विसरली नाहीत ती एक गोष्ट: शनिवारी घाणा बंद. म्हणून गावानं नाव पाडलं, शनिवार तेली. मी तोंडाचा आ करून ऐकत होते. तू म्हणालास, "आई, पुस्तकं बुडाली, बरंचसं विसरले, तर मग जहाज होतं हे कुणाच्या लक्षात राहिलं?"

आई म्हणाली, "माझ्या. जेव आता."

त्या दिवशी आपल्या दोघांचंही पुढचं ठरलं असं मी सगळ्यांना सांगते. तू तुझा प्रश्न घेऊन गेलास आणि मी आईचं उत्तर. (बघ, लगेच गोष्ट झाली. खरं तर तू त्या दिवशी जेवून फुटबॉल बघायला गेलास.)

तू ज्या लोकांचा पाठलाग करण्यात हयात घातलीस ते जहाजाच्याही कितीतरी आधीचे. मला ते कळलं ते माझ्या स्वयंपाकघरात. तू मेडनहेडला आला होतास, मी पोहे केले होते, आणि तू टेबलावर माझी भांडी मांडायला लागलास. चटणीची वाटी म्हणजे समुद्र. तिच्याशेजारचे स्टीलचे डबे म्हणजे किनाऱ्याकडची आणि सपाटीवरची शहरं. आणि उपडी परात म्हणजे डोंगर. "डबे एकेक करून मोडतात," तू म्हणालास आणि दोन डबे आडवे पाडलेस. "आणि साधारण त्याच सुमाराला या परातीवर लहान लहान खेडी उगवतात. तट नाही, राजवाडा नाही. खांबांची घरं, पाण्याचे हौद, गळ्याशी जाड कड असलेले मोठे रांजण. हेच पुढे इस्राएल."

"इजिप्तमधून आलेले," मी म्हटलं.

"इजिप्तमधून एवढी माणसं आल्याची खूण नाही. भांडी बघितली तर डब्यांतल्या लोकांसारखीच. तिथलीच माणसं असावीत, बरीचशी. खालून वर गेलेली, रानातून येऊन स्थिरावलेली."

"म्हणजे समुद्र दुभंगला नाही?"

"चटणी खाऊन टाक, दुभंगेल."

सुधीर त्या दिवशी इतका हसला की पुढे वर्षभर रीडिंगच्या ऑफिसातल्या मंडळींना परातीवरचा इतिहास समजावून सांगत होता. मला हसू आलं नाही. मला वाटलं, एवढा शिकलेला माणूस, आणि आपल्याला कुठूनही आलेलं ठेवत नाही. मग तू हाडांचं सांगितलंस. त्या डोंगरातल्या कचऱ्यात बकरीची हाडं, मेंढीची, गाईची. डुकराची जवळजवळ नाहीत. खाली किनाऱ्याकडच्या नव्या वस्त्यांत मात्र ढिगानं.

"म्हणजे धर्म पाळत होते," मी जिंकल्यासारखं म्हटलं.

"धर्माचं पुस्तक कुठे होतं तेव्हा, एस्तू? वर पाणी कमी, डुक्कर पोसवत नसेल. किंवा खालचे खातात म्हणून आपण खायचं नाही. इतर ठिकाणीही न खाणारे होते, त्यामुळे फार उड्या मारू नकोस. पण खात नव्हते एवढं दिसतं. का खात नव्हते, ते मागाहून तुझ्यासारखी एखादी बाई आली आणि तिनं सांगितलं."

हा टोमणा होता. पण पुढे तू जे बोललास ते वेगळ्या आवाजात, फुटकं भांडं हातात घेतल्यावर तुझा जो आवाज व्हायचा त्या आवाजात. तू म्हणालास, "आपल्या घाण्यांचं बघ ना. का बंद ठेवायचा ते विसरले. तरी दर शनिवारी बंद ठेवला. गोष्ट गेली, शनिवार राहिला. मला तेवढा पुरे आहे." आणि परत पोहे खायला लागलास, शनिवारीच, आणि खाऊन झाल्यावर विद्यार्थ्यांचे पेपर तपासायला बसलास.

आता तुझ्या लेकीकडे येते. येताना जरा भीती वाटते.

नओमी विद्यापीठात गेली आणि तिथून शनिवार घेऊन परत आली. खरा शनिवार. शुक्रवारी दिवे लावायचे, मग शनिवारी तारे दिसेपर्यंत स्विच नाही, गाडी नाही, फोन बंद करून ड्रॉवरमध्ये. वहिनी असती तर तिनं कुरकुर केली असती आणि दुसऱ्या आठवड्यात स्वतःही दिवा लावला असता. तू काहीच बोलला नाहीस. तू गप्प बसलास की मला धडकी भरायची, कारण ते साठत असायचं.

ते फुटलं साखरपुड्याला. लंडनच्या त्या हॉलमध्ये, मुलाचे वडील ग्लास घेऊन उभे राहिले. आपल्या सर्वांचे पूर्वज कसे एकत्र इजिप्तमधून चालत निघाले आणि आज हे दोघे कसे एकत्र आले, असं काहीतरी गोड बोलले. बोलायचं असतं असं. तू मला कोपरानं ढोसलंस आणि मी डोळ्यांनी "नको" म्हटलं. तरी तू उठलास. आवाज चढवला नाहीस, तुझं ते भाषणातलं मवाळ इंग्लिश काढलंस आणि सांगितलंस, की चालत कुणी आलं असेल असं वाटत नाही, शेजारच्याच टेकडीवरचे शेतकरी होतो आपण, आणि ही काही वाईट बातमी नाही. तुला खरंच वाटत होतं की ही चांगली बातमी आहे. तू त्यांना भेट देत होतास. तुझ्याकडे देण्यासारखं तेच होतं.

नओमी म्हणाली, "पप्पा, मी उभी आहे तिथेच का खणतोस?"

मराठीत म्हणाली, म्हणजे हॉलमधल्या बहुतेकांना कळलं नाही. तुला कळलं. तू बसलास. त्यानंतर वाढदिवसाचे फोन झाले, सणांचे मेसेज झाले, लग्नात फोटो झाले. बोलणं झालं नाही.

दर रविवारी आपला फोन असायचा. कौन्सिलमध्ये माझं काम पार्किंगच्या दंडावरची अपिलं वाचायचं. "या आठवड्याचं काय?" हा तुझा पहिला प्रश्न, तब्येत वगैरे नंतर. आजी पडली होती, कुत्री बाळंत होत होती, बोर्डावर कबूतर बसल्यामुळे नियम दिसला नाही. तू ऐकायचास आणि विचारायचास, "कबुतराचा फोटो जोडलाय?" कितीतरी लोकांनी माझ्या नोकरीची चेष्टा केली. तू म्हणालास, आपण दोघं एकाच धंद्यात आहोत. यासाठी तुझे आभार मानायचे राहिले. आणि प्रत्येक फोनच्या शेवटी, मी ठेवतेय म्हटल्यावर, तू अगदी सहज विचारल्यासारखं विचारायचास, "तिकडचं काय?" तिकडचं म्हणजे नओमीचं. मी सांगायचे. तू "बरं" म्हणायचास. तिच्याही फोनच्या शेवटी हेच व्हायचं, फक्त ती "पप्पा इज ओके?" म्हणायची. दोन टोकांच्या मध्ये मी. पण तिला तू विचारतोस हे सांगायचं नाही, असा तुझा हुकूम. का, तर "तिला वाटेल मी तुला मध्ये घालतोय."

हॉस्पिटलात, शेवटच्या आठवड्याच्या सुरुवातीला, तू पूर्ण शुद्धीवर होतास. चेहरा इतका बसला होता की तू आपल्या बाबांचाच मोठा भाऊ दिसायला लागला होतास. तू म्हणालास, "एस्तू, माझी गोष्ट करू नकोस."

"म्हणजे?"

"बाबांची केलीस तशी."

बाबा या देशात आले त्या दिवशी बर्फ पडत होता. खरं तर घोट्याइतका. माझ्या सांगण्यात तो दर वर्षी थोडा चढत गेला आणि हल्ली कमरेला टेकला आहे. मी म्हटलं, "बर्फ होता की नाही?"

"होता. पण आता मला बाबा दिसत नाहीत, बर्फच दिसतो." मग दम खाल्लास. "मी जे बोललो असेन ते सांग. नसेन बोललो तर नाही म्हण. मधे काही भरू नकोस. विशेषतः नओमीसाठी भरू नकोस. तिला लगेच कळतं."

मी म्हटलं, "मग तूच बोल ना तिच्याशी."

"रविवारी येतेय ना ती," तू म्हणालास.

येणारच होती. हॉस्पिटलच्या लोकांनीही वेळ आहे असंच सांगितलं होतं. शुक्रवारी दुपारी तिनं मला फोन केला, रविवारच्या पहिल्या गाडीचं तिकीट काढलंय म्हणाली, मग दिवे लावले आणि फोन ड्रॉवरमध्ये ठेवला. शनिवारी सकाळी तुझा श्वास बदलला.

मी फोन करत राहिले. बंद फोनवर फोन करत राहणं हा वेडेपणाच, पण हाताला दुसरं काही सुचेना. सुधीर मेडनहेडहून गाडी घेऊन तिच्याकडे लंडनला निघाला. तुझे डोळे मिटलेले होते. तुला सांगितलं की स्वतःशीच बोलले, माहीत नाही, "नओमीचा फोन लागत नाहीये." बऱ्याच वेळानं, मी विसरूनही गेले होते काय म्हटलं ते, तू बोललास.

"शनिवार आहे ना."

एवढंच. त्यानंतर बोलला नाहीस. काही वेळानं श्वासही थांबला. नर्सनं खिडकी उघडली, बाहेर हॉस्पिटलची कपड्यांची गाडी मागे घेताना बीप बीप करत होती, आणि मला वाटलं, ही पण आत्ताच यायची होती.

सुधीर नओमीच्या दाराशी पोचला तेव्हा त्याच्या फोनवर माझा निरोप येऊन पडला होता. तिला त्यानंच सांगितलं. जिवंत असतास तर ती गाडीत बसली असती, तेवढी मुभा आहे म्हणते ती. पण आता घाई नव्हती. म्हणून ती अंधार पडायची वाट बघत बसली, आणि नवरा परगावी, तिला एकटं सोडवेना म्हणून सुधीरही बसला. आपला सुधीर, सदाशिव पेठेत वाढलेला. बाथरूममधून बाहेर येताना सवयीनं दिवा बंद करून आला. मग लक्षात आलं. "परत लावू का?" त्यानं विचारलं. नओमी रडत होती, तरी म्हणाली, "काका, मला विचारू नका. मी सांगू शकत नाही, दुसऱ्याला पण लाव म्हणायचं नसतं." तो कसला ओशाळला. परत लावायचा धीर झाला नाही त्याला. ते सगळं घर संध्याकाळपर्यंत अंधारी बाथरूम घेऊन बसलं आणि तो तारे बघायला दर थोड्या वेळानं बागेत जात होता. लंडनच्या ढगात.

दफन सोमवारी झालं. पाऊस नव्हता, नुसती ती ओल. माझ्या आयुष्यात मी पहिल्यांदा कापलेल्या जमिनीची कड नीट बघितली. वर काळं, मध्ये विटांचे बारीक तुकडे, खाली लाल चिकण माती. तू असतास तर आत उतरून ब्रशनं साफ केली असतीस, आणि मग आठवलं की आत तूच आहेस. फावडं हातातून हातात द्यायचं नसतं, मातीत रोवायचं आणि पुढच्यानं उचलायचं. सुधीरनं उसनी टोपी घालून इतकी माती ओढली की रब्बीनं हळूच त्याचा खांदा धरला. त्याची कंबर अजून धरलेली आहे. नओमी कोरडी उभी होती. तुझ्या कॉलेजनं तुझ्याबद्दल जे छापलं ते तिनं मला गाडीत वाचून दाखवलं. त्यात तुझं जन्मगावच चुकलंय. मला तू सांगितलेली ती इजिप्तच्या राजाची शिळा आठवली. जगात कुठेही इस्राएल हे नाव पहिल्यांदा कोरलं गेलं ते कशासाठी, तर हे लोक संपले, यांचं बीही उरलं नाही, हे सांगायला. आपली पहिली बातमीच मेल्याची, आणि तीही चुकीची. तू हे सांगून भाषणात हशा मिळवायचास. गाडीत मला हसू आलं नाही. मला वाटलं, त्या डोंगरातल्या ज्या एखाद्या घरातलं खरंच कुणी मेलं असेल, त्या घराला ती बातमी बरोबरच होती.

आता काल.

दुपारची वेळ. भेटायला येणारे येऊन गेले होते. नओमी फरशीवर, पाठ भिंतीला लावून. मी त्या फाटक्या स्टुलाच्या शेजारच्या स्टुलावर, अर्धं वजन पायांवर तोलून.

"आत्या," ती म्हणाली, "पप्पा काय बोलला? लास्ट."

दादा, तुला माहीत आहे मी काय आहे ते. घरातल्या प्रत्येकाचा आवाज मला काढता येतो. आईचा, बाबांचा, तुझा तर झोपेत. "शनिवार आहे ना" एवढे तीन शब्द. शेवटचा "ना" जरा ओढला की माफी. जरा खाली टाकला की टोमणा. मध्येच श्वास घेतला तर आशीर्वाद. मला फक्त "ना" हलवायचा होता, आणि ती पोर रात्री झोपली असती. एका अक्षराचंच काम. कबुतराचा फोटोसुद्धा कुणी मागितला नसता.

"मी फोन लागत नाही म्हटलं," मी सांगितलं, "तर तो म्हणाला, शनिवार आहे ना."

अगदी सपाट म्हटलं. स्टेशनवरच्या घोषणेसारखं.

तिनं माझ्याकडे बघितलं. "तू असं का बोलते? रोबोटसारखं?"

"मला तसंच सांगायचंय."

"पण तो कसं बोलला? अँग्री होता?"

"नाही सांगता येणार."

"तू तिथे होतीस, आत्या. तू सगळ्यांची ॲक्टिंग करतेस. माझ्या सासूची पण करतेस. हे एक नाही करत?"

मग मी तिला सांगितलं, की तू काय बजावून गेलास. मधे काही भरायचं नाही, विशेषतः तिच्यासाठी. ती नखं बघायला लागली. "टिपिकल," म्हणाली. मग, "अजून काय सांगायचं राहिलं?"

राहिलं होतं. ते सांगावं की नाही हे मी सगळे दिवस मनात घोळवत होते. न सांगणं म्हणजे भरणं नव्हे, असं स्वतःला पटवलंही होतं. पण तुझं कलम मला माहीत होतं: गैरसोयीचं खापर आधी दाखवायचं.

"गुरुवारी चहाची ट्रॉली आली नाही," मी म्हटलं, "तेव्हाही तो तेच म्हणाला होता. शनिवार आहे ना, असं. औषधानं त्याला वारांचा घोळ होत होता."

हे तिला लागलं. मी बघितलं लागताना. तोंड थोडं उघडं राहिलं, आणि क्षणभर ती साखरपुड्यातली मुलगी होती, पायाखाली खड्डा असलेली.

"म्हणजे ते माझ्याबद्दल नव्हता?"

"मला माहीत नाही, बाळा. खरंच माहीत नाही."

आत सुधीर कप धुत होता तो थांबला. त्याला कळतं कधी पाणी बंद करायचं ते.

"गुरुवारी तो चुकला," नओमी म्हणाली. हळूहळू, एकेक शब्द उचलून. "ओके. पण शनिवारी शनिवार होता."

"होता."

"आणि तू माझा नाव घेतला होतास. आधी."

"घेतलं होतं."

"मग." ती सरळ बसली. आणि तिनं ते वाक्य मोठ्यानं म्हणून बघितलं. "शनिवार आहे ना." पहिल्यांदा तुझ्या भाषणातल्या आवाजात, ओठ एका बाजूला करून. मान हलवली. हे नव्हे. मग दमलेलं, नुसतं. तेही नव्हे. मग तिनं डोळे मिटले आणि अशा आवाजात म्हटलं, की जसं कुणी झोपलेल्या मुलाला उठवायला निघालेल्या माणसाला दारातच अडवावं. "शनिवार आहे ना." तिथे ती थांबली. परत म्हटलं, तसंच. मग गुडघ्यांत डोकं घातलं आणि तू गेल्यापासून पहिल्यांदा पोटातून रडली. मी खाली सरकून तिला धरलं. स्टूल मागे पडलं.

पोह्यांच्या दिवशी तू जे म्हणाला होतास, गोष्ट गेली, शनिवार राहिला, मला तेवढा पुरे आहे, ते मी तिला सांगितलं नाही अजून. सांगेन. ते तू खरंच बोलला होतास, सुधीर साक्षीला आहे. आणि दर रविवारी फोन ठेवताना काय विचारायचास, तेही सांगेन. हुकूम जिवंत माणसाचा होता. पण काल नाही. काल ते सांगितलं असतं तर मी तिच्या हाताखाली विटा पुरवल्यासारखं झालं असतं, आणि तिचं तिला मांडू द्यायचं होतं.

संध्याकाळी ती नवऱ्याशी फोनवर बोलत होती. इंग्लिशमध्ये सांगत होती, वडील शेवटी म्हणाले की तिला त्रास देऊ नका, तिचा शनिवार आहे. "त्रास देऊ नका" तू म्हणालाच नव्हतास. "तिचा" म्हणाला नव्हतास. मी जिन्यात उभी होते. सुधीरनं माझ्याकडे बघितलं, मी नकारार्थी मान हलवली, तो परत आत गेला. पुढेमागे तिच्या मुलांना ती हे सांगेल. तोवर आणखी काय काय चढेल देव जाणे, एखाद्या वेळी बर्फही येईल.

मी तुझी गोष्ट केली नाही, दादा. तुझा शब्द मी पाळला. एक अक्षर इकडचं तिकडे केलं नाही, गुरुवारसुद्धा सांगितला. माझ्यासमोर झाली, आणि मी बघत राहिले. तू हयातभर जे घडताना बघायला तरसलास, कुणीतरी नुसत्या उरलेल्या तुकड्यावरून पहिल्यांदा सांगायला लागतं तो क्षण, तो तुझ्याच रिकाम्या घरात, तुझ्याच फरशीवर झाला आणि तू नव्हतास.

एकच सांगायचं राहिलं. शनिवारपासून तुझा तो आवाज माझ्या कानात होता, जसाच्या तसा. टोमणा की माया ते कळत नव्हतं, पण आवाज होता. आंघोळ करताना, डाळ गिळताना, मी तो जपून ठेवला होता. आज सकाळी आठवायला गेले, तर नओमीचाच ऐकू आला.